कॉफी घ्या, गार होतेय

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे. पितळेची. पोटाला काजळी, चोच जरा डावीकडे वाकलेली आणि मूठ दोनदा तारेने बांधलेली. आमच्याकडे मला दल्ला म्हणतात, पण तुम्ही किटलीच म्हणा. या वयात नावावरून भांडण्याचे त्राण माझ्यात राहिलेले नाही. गेली काही वर्षे मी कपाटाच्या वरच्या फळीवर बसून आहे. ओट्यावर विजेवर चालणारी एक पांढरी प्लॅस्टिकची बया आली, दोन मिनिटांत खळखळते आणि गप्प होते. तेव्हापासून मी शोभेची झाले. शोभेची म्हणतात खरे, पण धूळ पुसायला कोणी येत नाही.

माझा जन्म नाब्लसच्या जुन्या बाजारात, तांबटांच्या गल्लीत झाला. ज्या कारागिराने मला ठोकले त्याची त्या आठवड्यात दाढ दुखत होती. पोट त्याने मन लावून घडवले, चोचीपर्यंत येताना त्याचा धीर संपला. म्हणून मी ओतताना एक थेंब नेहमी बशीत सांडते. ऐन-लोझ गावच्या एका शेतकऱ्याने मला त्याच खोटीपायी घासाघीस करून घेतले आणि आपल्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवले. ऐन म्हणजे झरा आणि लोझ म्हणजे बदाम. बदामाची झाडे गावात खूप. झरा मात्र मी येण्याआधीच आटला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. खालच्या मोहल्ल्यात दहा दिवसांतून एकदा नळाला पाणी यायचे. आमच्या वरच्या मोहल्ल्यात नळच नव्हता. टँकर यायचा, तोही त्याला वाटेल तेव्हा.

माझी सगळी देखभाल घरधनीण, हजला जाऊन आलेली हाज्जा फिद्दा करायची. तिची जीभ विळीपेक्षा धारदार होती, पण दरवर्षी ईदच्या आधी ती मला न चुकता कल्हई करून आणायची. पुढे तिच्या मुलाचे, साबिरचे लग्न झाले आणि सून म्हणून बहिजा घरात आली. साबिर फरशा बसवायचा. दिवसभरात तो जेवढे बोलायचा तेवढे हाज्जा फिद्दा एका दमात बोलून टाकायची. बहिजा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. मोठा मुलगा नाएल झाल्यावर आमच्या रीतीप्रमाणे गाव तिला उम्म नाएल, म्हणजे नाएलची आई, म्हणू लागले. मी तिला बहिजाच म्हणते. मी तिच्याहून मोठी आहे.

टँकरच्या दिवशी बहिजाच्या वर्गात वरच्या मोहल्ल्यातल्या मुली पहिल्या दोन तासांना नसायच्या. टाक्या, घागरी, डबे, असेल ते भरून मगच त्या शाळेत यायच्या आणि ओल्या हातांनी वह्या उघडायच्या. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी एकदा वार्षिक परीक्षेला अर्धा तास उशिरा आली आणि नापास झाली. त्या दिवशी बहिजा घरी आली ती ठरवूनच. गावच्या परिषदेची निवडणूक लढवायची आणि वरच्या मोहल्ल्यात नळ आणायचा. एवढे एकच तिला हवे होते. पुढच्या वीस वर्षांत तिने दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

"नळ आणायला तू काय प्लंबर आहेस?" हाज्जा फिद्दाने विचारले.

"प्लंबरला कोण बोलावणार ते परिषदेत ठरतं, आई."

"मग जा. पण स्वयंपाक करून जा."

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचे तुम्हाला कळायचे नाही. कोणाच्या घरी मोठी विनंती घेऊन जायचे असेल, मग ती मुलीची मागणी असो, जमिनीचा तंटा असो किंवा खुनाचा समेट असो, तर गावातली वडीलधारी मंडळी मिळून जातात. यजमान कॉफी देतो. मंडळी पेला हातात घेतात आणि ओठाला न लावता खाली ठेवतात. मग विनंती सांगतात. यजमान "कॉफी घ्या" म्हणाला, की विनंती मान्य झाली. त्यानंतर कोणी मागे फिरत नाही. मी या खोलीत पाच लग्ने आणि तीन तंटे असे मिटलेले पाहिले आहेत. प्रत्येक वेळी कॉफी माझीच होती.

बहिजाने अर्ज भरला आणि चौथ्या दिवशी अकरा जण आमच्या घरी आले. पुढे हाज मिस्बाह होते. परिषदेचे अध्यक्ष, गावातल्या सगळ्यांत मोठ्या घराण्याचे कर्ते आणि बदामाच्या सगळ्यांत मोठ्या बागेचे मालक. साबिरने कॉफी ओतली. अकरा पेले न पिता खाली ठेवले गेले.

"साबिर," हाज मिस्बाह म्हणाले, "आपलं गाव एकमताचं. चाळीस वर्षांत आपण कधी मतपेटी उघडली नाही. या खेपेलाही सगळं बिनविरोध व्हावं अशी गावाची इच्छा आहे. सूनबाईंनी अर्ज मागे घ्यावा. घरात बसूनही त्यांचा मान आहेच की."

साबिर फरशीकडे बघत राहिला. ती त्यानेच बसवलेली होती. बहिजा तिळाच्या बिस्किटांची ताटली घेऊन दारात उभी होती. तिला बोलायचे होते. मुलींचे, टँकरचे, ओल्या वह्यांचे सगळे तिच्या मनात तयार होते. सकाळपासून शाळेत सहा तास शिकवून ती आली होती आणि पुरुषांच्या अशा बैठकीत तोंड उघडण्याची तिची पहिलीच वेळ होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "काका, माझंही म्हणणं ऐका. सांगते सगळं. आधी कॉफी घ्या, गार होतेय."

अकरा हात एकदम उठले. अकरा पेले एका घोटात रिकामे झाले.

"अल्ला हे घर भरलेलं ठेवो," हाज मिस्बाह म्हणाले आणि उठले.

"काका, मी ते तशा अर्थानं म्हटलं नाही."

"शब्द तो शब्द, सूनबाई. कॉफी पोटात गेली."

घरी आलेल्या माणसाला आपण रोज जे म्हणतो तेच ती म्हणाली होती. रीत तिला माहीत होती, गावात शेंबड्या पोराला माहीत असते. जीभ मात्र सवयीची गुलाम. मंडळी गेल्यावर हाज्जा फिद्दा पेले गोळा करीत म्हणाली, "अकरा जणांना कॉफी पाजलीस आणि सगळ्यावर पाणी सोडलंस." बहिजा त्या दिवशी जेवली नाही. मलाही फार वाईट वाटले. पितळ चांगले असते तर मी जरा जास्त वेळ गरम राहिले असते.

पाच वर्षे गेली आणि पुन्हा निवडणूक आली. पुन्हा मंडळी आली. या वेळी नऊ जण होते, कारण दोघे मधल्या काळात वारले होते. पेले खाली ठेवले गेले, तीच विनंती झाली. बहिजा या वेळी बैठकीत बसली होती आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. दुपारच्या नमाजाची वेळ आली, ते नमाज पढून पुन्हा येऊन बसले. कॉफीवर साय धरायची तेवढी राहिली होती. शेवटी हाज्जा फिद्दा आत आली आणि एकेक पेला उचलून ताटात ठेवू लागली.

"हाज्जा, आम्ही अजून प्यालो नाही," हाज मिस्बाह म्हणाले.

"दिसतंय की. गार झाली. ओतून टाकते."

भरलेला पेला पाहुण्यासमोरून उचलणे म्हणजे त्याची विनंती तोंडावर फेटाळणे, हे मी तुम्हाला सांगायला नको. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. सासू सुनेच्या बाजूने उभी राहते हेच आधी लोकांना पटेना.

बहिजा निवडून आली. प्रचारासाठी भिंतीवर लावलेल्या कागदावर सगळ्या पुरुष उमेदवारांचे फोटो होते आणि तिच्या जागी एक गुलाब. खाली लिहिले होते, 'साबिरची पत्नी'. छापणाऱ्याने परस्पर केले होते, बाईमाणसाचा फोटो कसा लावायचा म्हणून. हाज्जा फिद्दाने तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हा गुलाब कुणाच्या घरचा? आमच्याकडे तर काटेच आहेत."

परिषदेच्या पहिल्याच बैठकीत एक सदस्य म्हणाला, "उम्म नाएल, आता तुम्ही आहातच तर तुमच्या हातची कॉफी होऊन जाऊ द्या." सगळे हसले. दुसऱ्या बैठकीला ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. सात पुरुषांना तिने कॉफी दिली, आठवा पेला स्वतःसाठी ओतला आणि हाज मिस्बाहांसमोर टेबलावर तसाच ठेवला.

"अध्यक्ष, ही जागा तुमची. मी तुमची पाहुणी. माझी एक विनंती आहे."

"बाई, हे कार्यालय आहे. बैठकीची खोली नव्हे."

"मग कॉफी कशाला मागितलीत?"

हाज मिस्बाहांनी विषय बदलला. पेला तसाच राहिला. पुढच्या बैठकीतही राहिला. दर पंधरवड्याला ती कॉफी करायची, सगळ्यांना द्यायची आणि आपला पेला न पिता ठेवून द्यायची. कारकून ती गार कॉफी खिडकीतल्या कुंडीत ओतायचा. दीड वर्षात कुंडीतले झाड मेले, दुसरे आणले, तेही पिवळे पडू लागले. हिवाळ्यातल्या एका सकाळी हाज मिस्बाह त्या झाडाकडे बघत म्हणाले, "पी बाई ती कॉफी. निदान झाड तरी जगेल."

त्या दिवशी वरच्या मोहल्ल्याच्या नळाचा अर्ज परिषदेने मंजूर केला. मला वाटले, झाले एकदाचे. मी किटली आहे, मला काय कळणार.

गाव आमचे, डोंगर आमचे, पण मधला रस्ता लष्कराच्या ताब्यात. त्याच्याखालून नळ न्यायचा तर त्यांचा परवाना हवा. एका परवान्यासाठी नकाशा, नकाशासाठी शिक्का, शिक्क्यासाठी शहरात जायचे आणि वाटेत लष्कराचे तपासणीचे फाटक. फाटकावर रांगेत उभे राहून बहिजा कचेरीत पोचायची तेव्हा खिडकी बंद झालेली असायची. ती परत यायची, चपला दारात काढायची आणि साबिर त्या उन्हातून सावलीत सरकवून ठेवायचा. अशी किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. दरम्यान हाज मिस्बाह वयामुळे बाजूला झाले आणि बहिजा अध्यक्ष झाली. या वेळच्या कागदावर तिचा फोटो होता. तोवर तिचे केस पिकले होते.

अध्यक्ष झाल्यावर आमच्या बैठकीत पेल्यांची रांग कधी संपली नाही. रस्त्यावर दिवा हवा. पोराला नोकरी हवी. शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली. मुलाला पकडून नेले, वकील बघून द्या. जो येई तो पेला खाली ठेवून बसे. बहिजाला 'नाही' म्हणणे जड जाई आणि 'घ्या' म्हटले की ते निभावणे त्याहून जड. मी दिवसातून चार-चार वेळा चुलीवर चढायचे. माझी मूठ पहिल्यांदा तुटली ती तेव्हाच. त्याच काळात हाज्जा फिद्दा गेली. त्यानंतर मला कल्हई झाली नाही. बहिजाच्या ते मनातही आले नाही आणि मी तिला दोष देत नाही. तिचे स्वतःचे गुडघे बघायलाही तिला सवड नव्हती.

अखेर परवाना आला. पण त्यात अट होती. नळ रस्त्याखालून जाणार नाही, वळसा घालून हाज मिस्बाहांच्या बदामाच्या बागेतून जाईल, आणि जमीनमालकाचे संमतीपत्र अमुक बुधवारपर्यंत पोचले पाहिजे. नाहीतर परवाना रद्द. बहिजा हाज मिस्बाहांकडे गेली. खणताना झाडांची मुळे तुटणार होती. ते म्हणाले, "सोमवारी चार माणसं घेऊन ये, रीतीनं. तोवर विचार करतो." ते ऐकून घरी आलेली बहिजा गुणगुणत होती. किती वर्षांनी मी तिला गुणगुणताना ऐकले.

रविवारी हाज मिस्बाहांची बायको वदाद वारली.

आमच्याकडे दुखवट्याचे तीन दिवस दारात मांडव असतो आणि येईल त्याला कडू कॉफी देतात. एका घरच्या किटल्या पुरत नाहीत, म्हणून शेजारपाजारच्या नेतात. मलाही नेले. त्यामुळे पुढचे मी स्वतः पाहिले. दुखवट्याच्या कॉफीवर मागणे मागत नाहीत. पेला आला की प्यायचा, चार शब्द बोलायचे आणि उठायचे. आनंदाच्या घरी पेला परत देताना 'दायमे' म्हणतात, म्हणजे असेच कायम राहो. दुखवट्यात तेवढा शब्द तोंडातून काढायचा नसतो.

बुधवारी सकाळी बहिजा मांडवाबाहेर आली. तिच्या पिशवीत संमतीचा कागद होता. उपाध्यक्ष मुन्झिर तिच्या कानाशी लागला होता.

"बाई, आज बुधवार. एक सही तर हवी. शेजारी बसा आणि पेला नुसता खाली ठेवा. ते समजतील."

"समजतील. म्हणूनच नको."

"वरच्या मोहल्ल्यात दीडशे घरं आहेत, बाई."

"मला माहीत आहे किती आहेत. एकेक नावानं माहीत आहेत. पण त्यांच्या घरातली बाई परवा मातीत गेलीय, मुन्झिर. तिच्या कॉफीवर मी नळ मागू?"

"लोक नंतर हे विचारणार नाहीत. नळ विचारतील."

बहिजा पुरुषांच्या मांडवात आली. ती अध्यक्ष होती, गावाला एव्हाना सवय झाली होती. हाज मिस्बाहांनी तिच्याकडे पाहिले. चाळीस वर्षे परिषद चालवलेला माणूस तो, आज कोणता वार आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होते. माझ्या चोचीतून तिच्या पेल्यात कॉफी पडली आणि एक थेंब बशीत सांडला. मला मनापासून वाटत होते की तिने पेला खाली ठेवावा. खोटे कशाला सांगू.

ती प्याली. एका दमात. मग म्हणाली, "अल्ला वदादकाकूंवर दया करो."

"तुला उदंड आयुष्य देवो," हाज मिस्बाह म्हणाले.

ती उठली आणि गेली. कागद पिशवीतच राहिला.

शनिवारी हाज मिस्बाहांकडून सही केलेले संमतीपत्र आमच्या घरी आले. वरातीमागून घोडे. शहरातल्या खिडकीतल्या माणसाने ते पाहिलेसुद्धा नाही, नवा अर्ज करा म्हणाला. मग वसंतात निवडणूक आली आणि लोक विचारू लागले की इतक्या वर्षांत बाईने केले काय. बहिजा एकतीस मतांनी पडली. सगळ्यांत कमी मते तिला वरच्या मोहल्ल्यातून मिळाली. हे ऐकून तिने मला विस्तवावरून उतरवले, घासले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. आता कोण येणार होते. घरच्या दोन पेल्यांना ती पांढरी बया पुरे होती.

मुन्झिर अध्यक्ष झाला. त्याने पुन्हा अर्ज केला आणि त्यालाही तीन वर्षे लागली. हाज मिस्बाहांचे तेच जुने संमतीपत्र त्याला उपयोगी पडले. मागच्या शरद ऋतूत वरच्या मोहल्ल्यात पाणी आले. समारंभ झाला, भोंग्यावरून पुष्कळ जणांचे आभार मानले गेले. बहिजा तिसऱ्या रांगेत बसली होती म्हणे. दुपारी घरी येऊन तिने ओट्यावरचा नळ सोडला. आधी तो नुसता खोकला, मग तांबूस पाणी आले, मग स्वच्छ. ती बघत राहिली. मग स्टुलावर चढून तिने मला खाली काढले आणि वाहत्या पाण्याखाली धरले. आयुष्यभर मला वाटीभर पाण्यात विसळले होते. ती हसली नाही, रडली नाही. नळ बंद करून खुर्चीत बसली. इतकी थकलेली बाई मी पाहिलेली नाही.

तेवढ्यात दारावर काठी वाजली. हाज मिस्बाह होते, एकटेच, नव्वदीला टेकलेले. बहिजाने त्यांना बसवले आणि मला चुलीवर चढवले. वेलदोडा घातला. पेला त्यांच्या हातात देताना तिचा चेहरा मी पाहिला. आता माझ्याकडे देण्यासारखे काय उरले आहे, आणि हे काय मागणार आहेत, असा तो चेहरा होता.

"बोला काका. काय काम काढलंत?"

हाज मिस्बाहांनी पेला तोंडाला लावला आणि कॉफी पिऊन टाकली.

"काम काही नाही," ते म्हणाले. "कॉफी प्यायला आलो. दायमे."

आणि त्यांनी रिकामा पेला पुन्हा पुढे केला. बहिजा माझ्याकडे वळली, माझी मूठ धरली आणि तशीच उभी राहून रडली. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. गार होतेय, असे कोणीच म्हणाले नाही.

मित्रांनो, मला कल्हई करा, मला रोज पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पितळ झिजते, झिजू द्या. पण गावासाठी झिजलेले एखादे माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्याकडे जन्मभर सगळे काहीतरी मागायलाच गेलेले असतात. तुम्ही कधीतरी काही न मागता जा. आणि त्याने पेला पुढे केला, तर तो खाली ठेवू नका. लगेच प्या.